मकरपुऱ्यात बांधून घेतलेले बोटीच्या इंजिनाचे वायरिंग

मुंबईच्या पाण्यात राहणारी, छोट्या डिझेल इंजिनाची शिडाची बोट आणि बडोद्यातील कंट्रोल पॅनेलचे वर्कशॉप यांचा काही संबंध असेल असे सहसा कोणाला वाटणार नाही. परंतु पावसाळ्यासाठी बोट किनाऱ्यावर ओढल्यानंतर इंजिनाचे सगळे जुने वायरिंग सोडवून मी ते मकरपुरा जीआयडीसीतील (गुजरातच्या सरकारी औद्योगिक वसाहतीतील) अशाच एका वर्कशॉपकडे नेले आणि त्यावरून, काही मूलभूत बदल करून, नवे हार्नेस, म्हणजे तारांचा बांधलेला जुडगा, बांधून घेतले.

जुन्या वायरिंगचा दोष रचनेतच होता. अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, संपूर्ण प्रवाह आधी कॉकपिटमधील अँमीटरपर्यंत (प्रवाह मोजणाऱ्या मीटरपर्यंत) जाई आणि मग बॅटरीकडे वळे. वाटेत त्याला दोन प्लगही ओलांडावे लागत. 6 चौरस मिलिमीटरच्या तारेतून 50 अँपिअर प्रवाह 8 मीटर फिरवला, तर तार कोरी करकरीत असली तरी एक व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो. म्हणजे अल्टरनेटरने 14.2 व्होल्ट दिले तरी बॅटरीपाशी जेमतेम 13 पोहोचतात. खाऱ्या हवेने हिरवे पडलेले प्लग तर तापून वितळू लागतात, आणि धोका खरा तिथे आहे. म्हणून अँमीटरच्या जागी व्होल्टमीटर आणि अल्टरनेटरपासून बॅटरीकडे थेट जाड केबल, अशी आखणी मी कागदावर करून दिली. त्या केबलचा फ्यूज मात्र बॅटरीच्या टोकाशीच हवा, कारण तार घासून शॉर्ट झाल्यास तिच्यात बेसुमार प्रवाह सोडते ती बॅटरी. तो अल्टरनेटरच्या क्षमतेपेक्षा पुरेसा मोठाही हवा. चालत्या इंजिनावर तो उडाला, तर अल्टरनेटरचे डायोड जळण्याची शक्यता असते.

वर्कशॉपच्या मालकांनी, जे दांडिया बाजारातले मराठी गृहस्थ आहेत, आखणी नीट वाचली आणि तिच्यात एक मोलाची भर घातली. किल्लीच्या बारीक तारेतून स्टार्टरच्या सोलेनॉइडला (स्टार्टर जोडणाऱ्या विद्युतचुंबकाला) थेट प्रवाह देण्याऐवजी इंजिनाजवळ रिले, म्हणजे बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच, बसवावा, असे त्यांनी जनरेटरच्या कामाच्या अनुभवावरून सुचवले. प्लायवूडवर खिळे ठोकून जुने हार्नेस मांडणे, त्याच मापाने नव्या तारा ओढणे, प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाचे फेरूल (छोटी नळकांडी) घालणे आणि प्रत्येक लग (तारेच्या टोकाचा धातूचा जोड) क्रिम्प केल्यावर, म्हणजे दाबून बसवल्यावर, हाताने जोर लावून ओढून पाहणे, ही पॅनेलवाल्यांची शिस्त मला मुंबईच्या बोटवाल्यांकडेही क्वचितच दिसली आहे.

अडचण आली ती त्यांच्या जमिनीवरच्या सवयींची. गाडीप्रमाणे इंजिनाच्या धातूलाच ऋण वाहक समजून पॅनेलची परतीची तार त्यांनी गाळली होती. फायबरग्लासच्या बोटीत चॅसिसच नसल्यामुळे ती घालून घ्यावी लागली. कथील चढवलेली तांब्याची तार त्यांच्याकडे नव्हती, ती मागवावी लागली आणि काम लांबले. साध्या तारेत ओल केशाकर्षणाने आत शिरते आणि वरचे आवरण धड असतानाही तांबे काळे पडते, हे पटवून देण्यात बराच वेळ गेला. क्रिम्पवर सोल्डर ओतण्याचा त्यांचा आग्रहही मी मोडून काढला, कारण सोल्डर जिथे संपते तिथे तार ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. तेवढ्यावरही सगळे हार्नेस त्यांनी अखेर पीव्हीसी टेपने गुंडाळून दिलेच! डिझेल आणि उष्णता यांनी ही टेप चिकट होते, म्हणून ती सोलून मी चिरलेला कॉन्ड्यूट (तारांवरची संरक्षक नळी) चढवला.

बिलात साहित्य आणि मजुरी वेगवेगळी दाखवली होती आणि मजुरी मला वाजवी वाटली. संपूर्ण आखणी, तारेचा प्रकार, रंग आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी हे सारे लेखी देऊ शकणाऱ्याने हे काम त्यांच्याकडे निःशंकपणे सोपवावे. केवळ जुने हार्नेस पुढे टाकून ‘असेच करून द्या’ म्हणणाऱ्याला मात्र जुने दोष नव्या तारांत, उत्तम क्रिम्प करून, परत मिळतील.