नमुन्याची पाच पानं आणि 'शहाणपरंतु'

ठाण्यात निवृत्तीनंतर लिहायला बसलेले लोक भरपूर, आणि त्यांच्यावर टपलेले 'फ्रीलान्स संपादक'ही कमी नाहीत. त्यातल्या एकानं मला कसं गुंडाळलं ते सविस्तर लिहितो, कारण त्याची पद्धत ठरलेली दिसते.

वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. तिथल्या टूलरूममध्ये माझी सगळी नोकरी झाली. लेथ, पाळ्या, संप, टाळेबंदी, नंतर शेड पाडून उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती, सगळं लिहून काढलं. सुनेनं ते युनिकोडमध्ये टाइप करून दिलं. दोनशेच्या वर पानं झाली. प्रसंग जिवंत होते, पण घडी बसत नव्हती, म्हणून संपादक हवा होता.

हा गृहस्थ एका वाचनकट्ट्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भेटला. राम मारुती रोडवर कॉफी झाली. "काका, हा दस्तऐवज आहे, याला हात लावायला मिळणं हेच माझं भाग्य." मी नमुना मागितला. पहिली पाच पानं त्यानं खरोखर सुरेख करून दिली. भोंग्याचा प्रसंग उचलून सुरुवातीला आणला, पाल्हाळ छाटलं, समासात दोन चोख प्रश्न विचारले. ते पाहून चाळीस हजार ठरले, निम्मे आगाऊ. शिवाय 'आयएसबीएनची (म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाची) सरकारी फी' म्हणून सहा हजार वेगळे.

पुढे फोन केला की "काम अगदी रंगात आलंय" एवढंच ऐकायला मिळायचं. गंमत म्हणजे पैशांचा विषय निघाला की काकांचे 'सर' व्हायचे. शेवटी सुरुवातीच्या काही पानांची पीडीएफ दाखवून उरलेले वीस हजार घेतले आणि वर्ड फाइल पाठवली.

मधलं एक प्रकरण उघडलं. पहिलंच वाक्य होतं, "आपरंतु पाळीवर निघालो." मला वाटलं फाँट बिघडला. पुढे 'मोठेपरंतु' आलं, मग 'शहाणपरंतु'. तेव्हा ट्यूब पेटली. माझ्या बोलीतला प्रत्येक 'पण' त्याला भारदस्त करायचा होता आणि त्यानं सगळ्या फाइलवर एकदाच 'फाइंड-रिप्लेस' फिरवलं होतं. सुनेनं वर्डमध्ये 'कम्पेअर' लावून मूळ फाइल आणि ही फाइल शेजारी ठेवली. नमुन्याची पानं लालेलाल. त्यानंतर एकही परिच्छेद हललेला नाही, एकही प्रश्न नाही, नुसते परंतु. प्रकरणं मागेपुढे लिहिल्यामुळे माझा एक फोरमन आधी वारतो आणि चाळीसेक पानांनी कँटीनमध्ये चहा पिताना दिसतो. पुस्तक एकदा वाचणाऱ्यालाही ते खटकलं असतं. या माणसानं ते वाचलंच नव्हतं.

खरा संपादक आधी सगळं वाचतो आणि लेखी टिपण देतो: काय दोनदा आलंय, कुठलं प्रकरण कुठे हवं, कुठे वाचक सुटतो. भाषेवर हात त्यानंतर. मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफं तपासणं, हे आणखी वेगळं, बरंच स्वस्त काम, ते छपाईसाठी पानांची मांडणी झाल्यावर करायचं. ही मंडळी उलटीकडून सुरू करतात, कारण चकचकीत पाच पानं लगेच डोळ्यांत भरतात. तेव्हा नमुना मागाल तर पान तुम्ही निवडा, तेही पुस्तकाच्या पोटातलं. त्याहून बरं म्हणजे योग्य पैसे मोजून आधी फक्त टिपण घ्या आणि मग पुढचं ठरवा. हप्ते प्रकरणांना बांधा, तारखांना नाही. प्रत्येक प्रकरण ट्रॅक चेंजेससकट, म्हणजे केलेला प्रत्येक बदल खुणेनं दिसेल असं, वर्डमध्येच मागा. पीडीएफमध्ये काय बदललं ते कळत नाही.

आयएसबीएनचं तर हसूच आलं. तो दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते, फुकट, आणि लेखकाला स्वतः अर्ज करता येतो. कुणी अर्ज भरून देण्याची मजुरी मागितली तर ती वेगळी गोष्ट. 'सरकारी फी' नावाचा प्रकार नाही.

जाब विचारल्यावर त्यानं धमकी दिली, संपादित प्रतीचे हक्क माझे आहेत, छापलंत तर नोटीस पाठवीन. माझा पुतण्या वकिली करतो. त्यानं 1957 चा कॉपीराइट कायदा समोर ठेवला. लिहिणारा हाच पहिला मालक, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी सहीशिवाय ते जात नाहीत. मी कशावरही सही केलेली नव्हती. (फाइल देण्याआधी कुणी 'फॉर्मॅलिटी' म्हणून कागद पुढे करत असेल तर चष्मा लावून वाचा.)

पुतण्यानं रीतसर नोटीस दिल्यावर आयएसबीएनचे सहा हजार परत आले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. तक्रार मात्र 2 वर्षांच्या आत करावी लागते. काय करायचं सुचत नसेल तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येतं.

परवा नौपाड्यातल्या एका ओळखीच्या बाईंनी तीच जाहिरात दाखवली. नंबर तोच, नाव दुसरं, पाच पानांचा नमुना मोफत. माझ्याकडे चॅट, यूपीआयच्या पावत्या आणि 'कम्पेअर' केलेली फाइल जपून ठेवलेली आहे. आणखी कुणाचं पुस्तक त्याच्याकडे अडकलं असेल तर सांगा, तक्रारीला जोडायला देईन.