कोड लिहून देणारा एआय सहायक: जाणत्यांना सोयीचा, नवख्यांना जपून

सांगलीतील विश्रामबाग भागात आमचे छोटे सॉफ्टवेअर कार्यालय आहे. मार्केट यार्डातील हळदीच्या अडत्यांसाठी हिशेबाच्या प्रणाली तयार करणे हे आमचे मुख्य काम, आणि नुकतेच पदवीधर झालेले प्रोग्रॅमर दरवर्षी आमच्याकडे रुजू होतात. त्यांच्या संगणकांवर असलेल्या एआय सहायकाचे हे परीक्षण आहे. साधनाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण २०२१ मध्ये गिटहब कोपायलट हा कोड सुचवणारा सहायक आल्यापासून या प्रकारची बहुतेक साधने एकाच वळणाची झाली आहेत.

वेगाबद्दल तक्रार नाही. दोन शब्द टाइप करताच पुढच्या ओळी करड्या अक्षरांत उमटतात आणि टॅब दाबला की त्या फाइलमध्ये जाऊन बसतात. फॉर्म, साध्या क्वेरी (डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या ओळी), चाचण्या अशी रटाळ कामे त्यामुळे झटपट उरकतात. ज्याने असा कोड वर्षानुवर्षे हाताने लिहिला आहे, त्याला सुचवलेल्या ओळीतली खोट चटकन दिसते. नवख्याची नजर मात्र अजून तयार व्हायची असते, आणि ती तयार होण्याची संधीच टॅबच्या त्या कळीखाली निसटते.

एका अडत्याच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदात, हमाली, तोलाई वगैरे ओळींची बेरीज आणि तळाची एकूण रक्कम यांत काही पैशांचा फरक पडत होता. सहायकाने रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवल्या होत्या. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, हे ठाऊक असलेल्या माणसाने प्रथम तिकडेच पाहिले असते. आमच्या फ्रेशरने ती तक्रार जशीच्या तशी सहायकापुढे ठेवली आणि त्याने प्रत्येक ओळीला राउंड, म्हणजे रक्कम जवळच्या पैशात बसवणारी क्रिया, लावून दिला. त्यामुळे फरक या पट्टीतून निघून दुसऱ्या पट्टीत गेला, कारण ओळी आता पूर्ण पैशांत येत होत्या, पण एकूण रक्कम मूळ आकड्यांवरूनच निघत होती. ‘हा राउंड येथे कशासाठी?’ असे विचारल्यावर ‘सर, त्यानेच सुचवला’ असे उत्तर मिळाले. शेवटी सर्व रकमा पैशांच्या पूर्णांकात ठेवून आणि एकूण रक्कम छापलेल्या ओळींवरूनच काढून तो प्रश्न मिटवला.

हा केवळ आमचाच अनुभव नव्हे. जानेवारी २०२६ मध्ये अँथ्रॉपिकने, म्हणजे अशीच साधने विकणाऱ्या कंपनीने, ५२ प्रोग्रॅमरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेक जण कनिष्ठ होते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची ट्रिओ ही अनोळखी लायब्ररी (तयार कोडचा संच) शिकून काम केल्यानंतर घेतलेल्या चाचणीत एआय वापरणाऱ्यांना सरासरी ५० टक्के, तर हाताने कोड लिहिणाऱ्यांना ६७ टक्के गुण मिळाले, आणि सर्वांत मोठी तफावत डिबगिंगच्या, म्हणजे कोडमधील चुका शोधण्याच्या, प्रश्नांत दिसली. वेळेची बचत मात्र नगण्यच होती. तरीही ज्यांनी साधनाकडून तयार कोड घेण्याऐवजी संकल्पना समजावून घेतल्या, त्यांना चांगले गुण मिळाले, आणि साधनाचे मोल ठरवताना मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

किमतीचा अडसर आता उरलेला नाही. २०२२ मध्ये कोपायलट सर्वांसाठी खुला झाला तेव्हा महिन्याला १० डॉलर पडत. डिसेंबर २०२४ मध्ये त्याची मर्यादित विनामूल्य योजनाही आली. त्यामुळे मुले महाविद्यालयातूनच ही सवय घेऊन येतात.

आमच्याकडे आता नवख्यांच्या संगणकावर आपोआप ओळी सुचवणे बंद ठेवले आहे. चॅट चालू आहे, पण तेथे कारण विचारायचे, कोड मागायचा नाही. ही सोय सेटिंगमध्ये मिळते, मात्र ती शोधावी लागते आणि कोणीही ती परत बदलू शकतो, ही या साधनाची मोठी उणीव म्हणावी लागेल. नव्या हळदीची आवक सुरू होण्याआधी अडत्यांची घाई असते, तेव्हा हा नियम पाळणे जड जाते. त्या दिवसांत तातडीचे काम आम्ही वरिष्ठांकडे देतो, आणि सूचना चालू राहतात त्या फक्त त्यांच्याच संगणकांवर.