पॅनिकसाठी ऑनलाइन सीबीटी कोर्स, सात महिन्यांनंतर

डोंबिवली-दादर रोजचं येणंजाणं. गेल्या वर्षी गाडी ठाण्याच्या अलीकडे अडकली आणि अशी धडधड सुरू झाली की म्हटलं गेलेच आता. ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल, डॉक्टर म्हणाले पॅनिक. दर आठवड्याला थेरपिस्ट परवडेना म्हणून हा परदेशी सीबीटी (विचार आणि वागणं बदलून भीती कमी करायची थेरपी) कोर्स घेतला, समोर माणूस कुणी नाही, सगळं आपलं आपण.

पहिली तीन मॉड्यूल वाचायला छान, उपयोग शून्य (माझ्यापुरतं). खरं काम चौथ्यापासून. नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्यायचा, मुद्दाम गुदमरल्यासारखं करून घ्यायचं, म्हणजे कळतं की धडधडलं म्हणून कुणी मरत नाही. आई दारात येऊन म्हणे, "अगं बरी आहेस ना?"

मग शिडी, म्हणजे भीतीच्या सोप्या ते अवघड पायऱ्या. आधी नुसतं प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं, मग स्लो गाडीने कोपर, मग दिवा, मग ठाणे, आणि दरवेळी भीती 100 पैकी किती ते लिहायचं. कोपरला पहिल्यांदा 85, नवव्या वेळी 30. त्यातच लक्षात आलं की मी पाण्याची बाटली घट्ट धरून दाराशी उभी राहते हेही भीतीचंच काम, कारण नंतर मन म्हणतं बाटली होती म्हणून वाचलीस. ती बाटली सुटायला दीड महिना गेला, हसू नका.

तक्रारी आहेत. सगळं इंग्रजीत. मनातली भीती लिहायची असते, तिथे 'आय माइट फेंट' लिहून काही होईना, मग एकदा 'लेडीज डब्यात सगळ्यांसमोर पडेन आणि कुणीतरी कांदा हुंगवेल' असं लिहिलं तेव्हा कळलं, मला मरणाची नाही, तमाशाची भीती आहे. पाचव्या मॉड्यूलला तीन आठवडे सोडून दिलं तर कुणी विचारलं नाही, नुसते ऑटोमॅटिक मेल. शेवटी मैत्रिणीला सांगितलं दर रविवारी विचारत जा, तिच्या 'झालं का गं?'मुळे पूर्ण झालं. आणि इमर्जन्सी नंबर परदेशातले! आपल्याकडची मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस, 14416, आधी सेव्ह करा, फुकट आहे, 24 तास, मराठीतही बोलतात.

जीएडी-7 (चिंता मोजायची सात प्रश्नांची चाचणी) चा स्कोअर 21 पैकी 17 होता, आता 6. पहिले चार महिने गोळीही चालू होती, तेव्हा सगळं क्रेडिट कोर्सला नको.

परवा गर्दीच्या वेळी फास्ट पकडली, बाटली बॅगेत, चौथी सीट मिळाली, मुलुंडपाशी गाडी थांबली, 60 पर्यंत गेलं आणि आपोआप उतरलं. लिफ्टची शिडी मात्र अजून लिहूनच ठेवलीय.