चुन्याने भाजलेला डोळा आणि मूलपेशींचे उपचार : कोणाला कोणता पर्याय योग्य?

खाण्याच्या चुन्याची प्लास्टिकची लहान पुडी बोटांत जोरात दाबली की ती एका टोकाला फुटते आणि आतला ओलसर चुना पिचकारीसारखा उडतो. पुडी लहान मुलाच्या हातात असेल, तर तो थेट डोळ्यात जातो. चुना हा अल्कधर्मी पदार्थ असल्यामुळे वरच्या वर भाजून थांबत नाही, तो डोळ्याच्या आतल्या थरांत उतरत राहतो. वरच्या पापणीखाली चिकटून राहिलेले त्याचे बारीक कण डोळा धुतला आहे असे वाटल्यानंतरही काही तास आपले काम करत असतात. तंबाखूबरोबर चुना घरोघरी असलेल्या महाराष्ट्रात हा अपघात नवा नाही. काही महिन्यांनी घरची माणसे मुलाला घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : डोळ्यात फूल पडले आहे, नेत्रदानातले बुबुळ बसवता येईल का?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'आधी नाही' असे आहे, आणि त्याचे कारण कळले तरच पुढची तुलना कळेल. कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, सर्वांत वरचा थर जेमतेम पाच ते सात पेशींच्या जाडीचा असतो आणि तो सतत झिजत व नव्याने तयार होत असतो. त्याला लागणाऱ्या नव्या पेशी कॉर्नियाच्या मध्यभागी तयार होत नाहीत. डोळ्याचा काळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो, त्या एक-दीड मिलिमीटर रुंदीच्या कड्यात, म्हणजे लिंबसमध्ये, त्यांना जन्म देणाऱ्या मूलपेशी राहतात. नॉर्वेतील डावांगेर आणि एव्हेन्सन यांनी १९७१ मध्ये ही शक्यता मांडली आणि १९८९ मध्ये अमेरिकेतील प्रयोगांनी तिला भक्कम आधार दिला. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, आपल्याकडच्या सावळ्या डोळ्यांत हा कडा फार सुंदर दिसतो : तपकिरी रंगाच्या बारीक उभ्या रेघा, एखाद्या गोल कुंपणाला लावलेल्या काठ्यांसारख्या. भाजलेल्या डोळ्यात नेमक्या याच रेघा पुसल्या गेलेल्या असतात. कुंपण गेले की बाजूची लालसर, रक्तवाहिन्या असलेली त्वचा कॉर्नियावर चढत जाते आणि डोळा कायम दुखरा, पाणावलेला व धूसर होतो. अशा डोळ्यात नेत्रपेढीतला कॉर्निया बसवला, तरी त्या गोल तुकड्याबरोबर मूलपेशी येत नाहीत. त्यामुळे काही महिन्यांत त्यावरही तीच लाली चढते आणि दात्याने दिलेला मोलाचा कॉर्निया वाया जातो. म्हणून आधी कुंपण, मग बुबुळ.

कुंपण कसे उभारायचे, हे ठरवताना शस्त्रक्रियेचे नाव, रुग्णालयाचा लौकिक किंवा खर्च यांपैकी कशाचाही विचार पहिला येत नाही. एक डोळा बिघडला आहे की दोन्ही, हे आधी पाहावे लागते. एक डोळा पूर्ण निरोगी असेल, तर माणसाकडे स्वतःच्याच मूलपेशींचा साठा असतो आणि स्वतःच्या पेशी शरीर नाकारत नाही. दोन्ही डोळे गेले असतील, तर तुलनेचा सगळा ताळेबंद बदलतो. ज्यांच्या लिंबसचा काही भागच गेला आहे आणि कॉर्नियाचा मध्य स्वच्छ आहे, त्यांना बहुधा प्रत्यारोपण लागतच नाही. वर चढलेला थर हलक्या हाताने खरवडणे आणि औषधोपचार एवढ्यावर भागू शकते, तेव्हा अशा रुग्णांनी मोठ्या शस्त्रक्रियेची घाई करू नये.

एका डोळ्याच्या रुग्णापुढे आज तीन वाटा आहेत.

सर्वांत जुनी वाट केनियन आणि त्सेंग यांनी १९८९ मध्ये दाखवली. तीत चांगल्या डोळ्याच्या कड्यातून दोन मोठे तुकडे काढून थेट खराब डोळ्यात शिवतात. डोळ्याचा कडा घड्याळाच्या तबकडीसारखा मानला, तर दोन्ही तुकडे मिळून चार ते सहा तासांइतका भाग होतो. पेशी भरपूर मिळतात, प्रयोगशाळा लागत नाही आणि निकालही चांगले येतात. अडचण एकच आहे आणि ती गंभीर आहे : ज्या एकमेव चांगल्या डोळ्यावर माणसाचे सगळे आयुष्य चालले आहे, त्याच्या कुंपणाचा एक तृतीयांश ते निम्मा भाग आपण काढतो. पुढे त्या डोळ्याला काही झाले, तर त्याच्याकडे राखीव फारसे उरलेले नसते.

या भीतीतूनच दुसरी वाट निघाली. इटलीत ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांच्या गटाने १९९७ मध्ये चांगल्या डोळ्यातून एक-दोन मिलिमीटरचा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत त्यातून पेशींचा पूर्ण थर वाढवून दाखवला. याच पद्धतीने उपचार केलेल्या ११२ रुग्णांचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांत सुमारे ७७ टक्के डोळ्यांत कॉर्नियाचा पृष्ठभाग पूर्ववत झाला होता. त्या अभ्यासाची मोठी देणगी दुसरीच आहे. वाढवलेल्या थरात खऱ्या मूलपेशींची खूण असलेल्या पेशी तीन टक्क्यांहून अधिक होत्या, त्या रुग्णांत यशाचे प्रमाण ७८ टक्के होते. ज्यांच्यात त्या तीन टक्के किंवा त्याहून कमी होत्या, त्यांच्यात ते ११ टक्क्यांवर घसरले. डोळ्याला नुसता पेशींचा पापुद्रा पुरत नाही, त्यात पुढची कित्येक वर्षे नव्या पेशी देणारे मूळ असावे लागते, हे त्यातून दिसले. युरोपने २०१५ मध्ये या उत्पादनाला 'होलोक्लार' या नावाने सशर्त मान्यता दिली. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने २०१७ मध्ये त्याचा विचार केला, तेव्हा एका डोळ्याची किंमत ८०,००० पौंड होती. आजच्या दराने ती पाऊण कोटी रुपयांच्या वर जाते.

भारतात हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने हीच पद्धत पुष्कळ साधेपणाने वापरली. तिथे पेशी वाढवण्यासाठी इटलीतल्याप्रमाणे उंदराच्या पेशींचा आधार न घेता प्रसूतीनंतरच्या वारेचा आतला पातळ पापुद्रा आणि रुग्णाच्याच रक्तातला द्रव वापरला. दहा वर्षांतील २०० रुग्णांच्या आढाव्यात ७१ टक्के यश नोंदले गेले. तरीही निर्जंतुक प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणसे, दहा-चौदा दिवसांची वाट आणि दोन वेगळ्या शस्त्रक्रिया हा पसारा उरलाच.

तिसरी वाट याच संस्थेतील वीरेंदर सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सहा रुग्णांच्या निष्कर्षांसह मांडली. तिला 'स्लेट' म्हणतात आणि तिच्यामागचा विचार आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल असा आहे : रोपे वेगळ्या वाफ्यात वाढवून मग लावण्यापेक्षा बी सरळ शेतातच पेरायचे. चांगल्या डोळ्याच्या कड्यातून साधारण दोन मिलिमीटर लांब-रुंद तुकडा घेतात, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. खराब डोळ्यावर चढलेला थर सोलून काढतात, त्यावर वारेचा पापुद्रा फायब्रिन या रक्तातील प्रथिनाच्या गोंदाने चिकटवतात, मग त्या तुकड्याचे आठ-दहा बारीक कण करून ते दृष्टीचा मध्य सोडून गोलाकार मांडतात आणि वरून मलमपट्टीसारखी कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतात. सगळे एकाच बैठकीत होते. प्रत्येक कणातून पेशी पसरत जातात आणि साधारण दोन आठवड्यांत हिरवळीच्या ठिपक्यांनी माळ भरावा तसा कॉर्निया झाकला जातो. २०१६ मध्ये १२५ रुग्णांचे निष्कर्ष आले. त्यांत ६५ प्रौढ आणि ६० मुले होती आणि ७६ टक्के डोळ्यांत पृष्ठभाग टिकला होता.

जगभरातल्या अशा एक हजाराहून अधिक डोळ्यांची माहिती एकत्र करणाऱ्या एका आढाव्यात थेट शिवण्याच्या जुन्या पद्धतीचे यश सुमारे ८१ टक्के, स्लेटचे ७८ टक्के आणि प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या पद्धतीचे ६१ टक्के आढळले. हे आकडे वाचताना एक खबरदारी घ्यावी. हे वेगवेगळ्या ठिकाणच्या, वेगवेगळ्या तीव्रतेच्या रुग्णांचे आकडे आहेत. त्यातच इथे 'यश' म्हणजे रक्तवाहिन्या न चढलेला, न दुखणारा, स्थिर पृष्ठभाग. नजर किती सुधारेल, हे आतल्या थरांत किती डाग आहे, मोतीबिंदू किंवा काचबिंदू आहे का, यावर अवलंबून असते. डॉक्टर यशाची टक्केवारी सांगतील, तेव्हा ती पृष्ठभागाची आहे की नजरेची, हे विचारून घेतलेच पाहिजे.

माझे मत स्पष्ट आहे. एका डोळ्याला इजा झालेल्या भारतीय रुग्णाने, डोळा ओला असेल आणि पापण्या नीट मिटत असतील, तर आधी स्लेटचा विचार करावा. जवळपास जुन्या पद्धतीइतकेच यश ती चांगल्या डोळ्याचा कितीतरी कमी भाग घेऊन देते, प्रयोगशाळेचा खर्च वाचवते आणि पहिला प्रयत्न फसला तर पुन्हा करण्याइतकी जागा चांगल्या डोळ्यात ठेवते. अमेरिकेत बोस्टन येथे अलीकडे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींची 'कॅलेक' ही पद्धत १४ रुग्णांवर तपासली गेली. तिचे २०२५ मध्ये आलेले निष्कर्ष आशादायक आहेत आणि पूर्ण व अंशतः यश मिळून प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे. पण तिलाही चांगल्या डोळ्याचाच तुकडा लागतो. ज्याला आज निर्णय घ्यायचा आहे, त्याने तिच्यासाठी थांबावे असे मला वाटत नाही.

दोन्ही डोळे गेलेल्यांची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे मन घट्ट करून विचार करावा लागतो. हे रुग्ण बहुधा दोन प्रकारचे असतात : कारखान्यातील स्फोट, ॲसिड किंवा चुन्याने दोन्ही डोळे भाजलेले, आणि एखाद्या औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेने, म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमने, डोळ्यांचा पृष्ठभाग गमावलेले. भाऊ, बहीण, आई किंवा वडील यांच्या कड्यातून तुकडा घेता येतो, मरणोत्तर नेत्रदानातूनही कडा मिळतो. पण या पेशी परक्या असतात. त्या टिकवण्यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारखी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. मूत्रपिंड व यकृत यांच्या वारंवार तपासण्या, संसर्गाचा धोका, दरमहाचा औषधखर्च आणि दर काही आठवड्यांनी शहरात जाणे, हे सगळे ज्या घराला पेलणार नाही, त्या घराने हा पर्याय केवळ आशेपोटी घेऊ नये. औषध मध्येच बंद पडले की पेशीही जातात.

औषधांचा हा भार टाळायचा असेल, तर गालाच्या आतल्या त्वचेचा तुकडा वाढवून डोळ्यावर बसवता येतो. जपानमध्ये ओसाकाच्या कोजी निशिदा यांनी २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष दिले आणि २०२१ मध्ये तिथे या उपचाराला मान्यता मिळाली. पेशी स्वतःच्या असल्याने नाकारल्या जात नाहीत, मात्र त्या शेवटी तोंडाच्याच पेशी राहतात. पृष्ठभाग स्थिर होतो, पापण्यांची चिकटण सुटते, तरी कडेने रक्तवाहिन्या बऱ्याचदा येतात आणि काचेसारखी पारदर्शकता मिळत नाही.

डोळा अगदी कोरडा असेल, अश्रूच येत नसतील, तर मूलपेशींचा कोणताही उपचार टिकत नाही. कोरड्या जमिनीत पेरणी करून उगवण होत नाही. अशा वेळी कृत्रिम कॉर्नियाकडे वळावे लागते. त्याचे प्रकार डोळ्यानुसार वेगळे आहेत : ओल्या डोळ्यासाठी बोस्टनचा कृत्रिम कॉर्निया आहे, आणि मदुराईच्या ऑरोलॅबने त्याचे परवडणारे रूप बनवले आहे. पूर्ण कोरड्या डोळ्यासाठी रुग्णाचाच दात आणि त्याभोवतीचे हाड वापरून भिंग बसवण्याची इटालियन पद्धत आहे. ती चेन्नईच्या शंकर नेत्रालयात केली जाते. यांतून नजर लवकर आणि कधी कधी थक्क करणारी परत येते. पण काचबिंदू व संसर्ग यांचा पहारा आयुष्यभर ठेवावा लागतो, आणि बोस्टनच्या प्रकारात थेंब आणि लेन्सही कायमच्या मागे लागतात. मूलपेशींचा उपचार फसला तरी पुढची वाट उघडी राहते. कृत्रिम कॉर्निया फसला, तर डोळाच जाण्याची शक्यता असते. म्हणून तो शेवटचा पर्याय मानतात, आणि ते योग्यच आहे.

निशिदा यांच्याच गटाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आणखी एक पाऊल टाकले. दात्याच्या साध्या पेशींना पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत नेऊन बनवलेल्या प्रेरित मूलपेशींतून कॉर्नियाचा थर तयार करून त्यांनी तो चार रुग्णांना बसवला होता. दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम दिसला नाही, तिघांची सुधारणा टिकली, एकाची वर्षभरात मावळली. दोन्ही डोळे गमावलेल्यांसाठी खरी आशा मला इथे दिसते, कारण यात कोणाच्याच चांगल्या डोळ्याला हात लावावा लागत नाही. पण चार रुग्णांचे हे काम अजून संशोधन आहे. 'स्टेम सेल' या शब्दाचा आधार घेऊन कोणी इंजेक्शनने डोळा बरा करून देण्याचे सांगून मोठी रक्कम मागत असेल, तर तिथून उठून यावे. अमेरिकेतील फ्लोरिडात पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी अशाच डोळ्यांत टोचल्यामुळे तीन महिलांची नजर गेल्याची नोंद २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे.

वेळ हाही तुलनेचा भाग आहे. लाल, सुजलेल्या डोळ्यात कोणतेही मूलपेशी-प्रत्यारोपण करू नये. दाह शांत होईपर्यंत काही महिने थांबावे लागते आणि तोवर थेंब, पापणीची दुरुस्ती, चिकटण सोडवणे ही कामे करून घ्यावीत. मूल लहान असेल, तर या थांबण्याची दुसरी बाजूही आहे. सात-आठ वर्षांखालच्या मुलाचा झाकोळलेला डोळा मेंदूकडून दुर्लक्षित होऊन कायमचा आळशी होतो, त्यामुळे दाह शमल्यावर पालकांनी एकही महिना वाया घालवू नये आणि शस्त्रक्रियेनंतर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावण्याचा कंटाळवाणा उपचारही नेटाने चालवावा. पृष्ठभाग स्थिर झाल्यावर आत दाट डाग उरला असेल, तर नेत्रदानातला कॉर्निया बसवण्याची वेळ तेव्हा येते. दोन्ही शस्त्रक्रिया एकाच दिवशी उरकण्यापेक्षा मधे काही महिने ठेवून केलेले कॉर्निया-रोपण अधिक टिकते, हे हैदराबादच्याच रुग्णांत दिसून आले आहे.

संमतिपत्रावर सही करण्याआधी चांगल्या समजल्या जाणाऱ्या डोळ्याचा कडाही स्लिट लॅम्पखाली तपासून घ्यावा. चुना उडाला तेव्हा थोडा त्याही डोळ्यात गेलेला असू शकतो, आणि तिथल्या तपकिरी रेघा एका बाजूला पुसट झाल्या असतील, तर त्या डोळ्यातून तुकडा कुठून आणि किती घ्यायचा, याचा निर्णय पुन्हा करावा लागतो.