क्रिप्टो कॉइन एक्स्चेंजवर ठेवावे की हार्डवेअर वॉलेटमध्ये?

सातपूरच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका मित्राचा हा प्रश्न आहे. एक्स्चेंज म्हणजे बिटकॉइनसारख्या कॉइनची खरेदी-विक्री करून देणारी कंपनी; तिथे कॉइनची चावी, म्हणजे ते हलवण्याचा गुप्त संकेत, कंपनीकडे असते. हार्डवेअर वॉलेट म्हणजे ती चावी आपल्याच हाती ठेवणारं छोटं यंत्र. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या मल्टिसिग (एकाहून जास्त सह्या लागणाऱ्या) वॉलेटमधून हॅकर्सच्या हाती सुमारे २३ कोटी डॉलर गेले. ग्राहकांचे पासवर्ड पक्के असूनही उपयोग झाला नाही, त्यांचे कॉइन वर्षाहून अधिक काळ अडकले.

खर्चात एक्स्चेंज स्वस्त पडतं. वॉलेटला काही हजार रुपये लागतात. ते निर्मात्याकडूनच घ्यावं, वापरलेलं कधीच नको. सुरू करताना वॉलेट आपल्याला काही इंग्रजी शब्द देतं, तीच चावीची प्रत. हे शब्द आधीच भरलेले आले तर ती फसवणूक समजा.

मेहनत मात्र वॉलेटलाच जास्त. पिन विसरला तरी १२ किंवा २४ शब्दांवरून सगळं परत मिळतं, पण शब्द हरवले आणि यंत्रही बिघडलं तर कोणीच मदत करू शकत नाही. त्यांचा फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर पाठवू नका. गोदाकाठच्या तळमजल्यावर पुरात कागदाचा भरवसा नाही, म्हणून स्टीलच्या पट्टीवर लेटर पंचने ठोका. बहुतेक वॉलेटमध्ये प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात. भांडीबाजारात नाव कोरून देतात, पण हे काम दुसऱ्याच्या हाती देऊ नका. मोठी रक्कम हलवण्याआधी थोडी पाठवा, वॉलेट रीसेट करून शब्दांवरून परत उघडून बघा.

दर आठवड्याला खरेदी-विक्री करणाऱ्याने चालू रक्कम एक्स्चेंजवर ठेवावी, लॉगिनचा कोड एसएमएसऐवजी फोनवरच तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप लावून. वर्षानुवर्षं न हलवायच्या कॉइनसाठी वॉलेटच घ्या, आणि पट्टी कुठे आहे ते घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा.