आईचं पवित्र शास्त्र पुन्हा बांधून घेतलं: भद्रकालीतल्या बाइंडरकडचा अनुभव

दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव देता येत नाही. नाशिकला भद्रकालीत दूध बाजाराच्या मागच्या गल्लीत लाकडी फळ्यांचं जुनं दुकान आहे. दारात पुठ्ठ्यांची चळत, आत लोखंडी चाकाचा शिकंजा. सत्तरीतले चाचा आणि त्यांचा नातू, दोघंच काम करतात. माझ्या आईचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मी त्यांच्याकडे बांधायला दिलं होतं. १९ दिवसांनी हातात आलं, ७५० रुपये झाले. काम कसं झालं ते सविस्तर सांगतो, कारण आपल्या मंडळीत घरोघरी अशी एक तरी प्रत कपाटात सुटी होऊन पडलेली असते. लोक नवी आणतात आणि जुनी तशीच कापडात गुंडाळून ठेवतात.

आईला ही प्रत लग्नात मिळाली होती, १९६१ साली. काळं कव्हर, आत तो अगदी पातळ कागद, एक पान उलटताना दोन येतात असा. कणा कधीच गेला होता. उत्पत्तीची पहिली पानं रबरबँडने धरून ठेवली होती, स्तोत्रांचा भाग बोटांनी काळवंडला होता. आणि समासात आईचं लिखाण. पेन्सिलीने, बॉलपेनने, एकदोन ठिकाणी माझ्या शाळेच्या शाईपेननेसुद्धा. तारखा, नावं, कोणाचं ऑपरेशन, कोणाचं लग्न, पाऊस आला, नाही आला. आई जाऊन ६ वर्षं झाली. तिचं अक्षर आता तेवढ्याच जागी आहे.

आधी दोन ठिकाणी जाऊन आलो. एका ठिकाणी म्हणाले स्पायरल करून देतो, उद्या या. दुसरीकडच्या माणसाने कण्यावर गरम गोंद आणि तिन्ही बाजूंनी कटिंग सांगितलं, "एकदम नव्यासारखं दिसेल काका." दोघांनीही पुस्तक उघडून पाहिलं नाही.

चाचांनी आधी हात पुसले. पुस्तक फरशीवरच्या कामाच्या ढिगात न ठेवता समोरच्या फळीवर स्वच्छ कागद पसरून त्यावर ठेवलं. म्हणाले, "कुराण येतं, ज्ञानेश्वरी येते, गुरुचरित्र येतं. देवाचं आहे ते खाली ठेवत नाही." मग एकेक जुज बोटाने मोजत गेले. जुज म्हणजे दुमडून एकात एक घातलेल्या पानांचा गठ्ठा. जुन्या पुस्तकांत असे गठ्ठे दोऱ्याने शिवलेले असतात, म्हणूनच ती पुन्हा बांधता येतात. नुसती गोंदाने चिकटवलेली पानं एकदा सुटली की सुटलीच. आईच्या प्रतीची शिलाई बऱ्याच ठिकाणी तुटली होती, पण जुज शाबूत होते. "हे अजून ५० वर्षं जाईल," ते म्हणाले. आणि मग विचारलं, "कडा कापायच्या ना?"

बांधणी झाली की पानांच्या कडा पुढेमागे होतात. कटिंग मशीनवर दोनतीन मिलिमीटर उडवले की सगळं एका रेषेत येतं. बहुतेक बाइंडर हेच करतात, त्यात गैर काही नाही. पण मी त्यांना यहोशवाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडून दाखवला. नवव्या वचनाच्या शेजारी आईने लिहिलंय:

"१४.८.९८. बाळने सही केली नाही. प्रभू, तू बरोबर आहेस ना, तेवढं पुरे."

त्यातलं 'पुरे' समासाच्या अगदी कडेला गेलंय, जागा संपली म्हणून तिने ते बारीक करून कोंबलंय. दोन मिलिमीटर कापले तर ते जाईल.

बाळ म्हणजे मीच. ती सही काय होती, हे सांगितल्याशिवाय या कामाची किंमत कळायची नाही. मी तेव्हा सातपूरला एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये होतो. हजेरीपट, ओव्हरटाइम, अपघाताची नोंदवही, हे माझं काम. एका पोराची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली. उत्पादन वाढावं म्हणून मशीनचा गार्ड काढून ठेवलेला होता, ते सगळ्या शॉपला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर कागद आला: गार्ड लावलेला होता, कामगाराने स्वतःच्या जबाबदारीवर काढला. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव टाइप केलेलं. घरी बायको, लहान मुलगी, आई, घराचं भाडं. मी रात्रभर जागा होतो. निर्गम २०:१६ मला लहानपणापासून पाठ होतं, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये. पाठ असलेली आज्ञा आणि टेबलावर सहीसाठी ठेवलेली आज्ञा यांत किती अंतर असतं ते त्या रात्री कळलं.

मी सही केली नाही. महिनाअखेर मला घरी बसवलं. पुढे ८ महिने पगार नव्हता. आणि त्या कागदावर त्याच दिवशी दुसऱ्या कोणीतरी सही केली होती. म्हणजे माझ्या नकाराने काहीही थांबलं नव्हतं.

हे कळलं तेव्हा मी आईशी भांडलो. यहोशवा १:८ तिच्यासमोर धरलं. नियमशास्त्रात लिहिलंय तसं वाग म्हणजे तुझं कल्याण होईल, तू यशस्वी होशील, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. कुठे आहे कल्याण? आई चौथीच्या वर्गावर ३० वर्षं शिकवत होती, ती सहज गप्प बसणारी नव्हती, पण त्या दिवशी तिने वाद घातला नाही. बोट एक ओळ खाली सरकवलं. नववं वचन. खंबीर हो, घाबरू नको, तू जिकडे जाशील तिकडे तुझा देव परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. म्हणाली, "आठवं तुला पुढे कळेल. आज नववं वाच." शेजारी तिने आधीच लिहून ठेवलं होतं, माझ्या सहीच्या, म्हणजे न केलेल्या सहीच्या दिवशीच. मी ते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी त्या दोन वचनांवर पुष्कळ विचार केलाय. देव यहोशवाला आज्ञा पाळ म्हणतो आणि लगेच मी बरोबर आहे म्हणतो, मध्ये श्वासही घेत नाही. दोन अध्याय पुढे यार्देन नदी येते. कापणीचे दिवस, नदी काठ सोडून वाहतेय, आणि कोश, म्हणजे देवाच्या कराराची पेटी, वाहणाऱ्या याजकांना पुढे चालायला सांगितलंय. पाणी आधी थांबलं नाही. त्यांचे पाय काठच्या पाण्यात बुडाले, मग थांबलं. नाशिकच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती पुरात दिसेनाशी झाली होती, तेव्हा त्या पाण्याच्या कडेला उभं राहून मी तो अध्याय आठवला. त्या पाण्यात पहिलं पाऊल टाकायला लागणारा विश्वास घरात बसून वाचताना कळत नाही.

हे सगळं चाचांना सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "आईचं लिखाण आहे, कापू नका." त्यांनी चष्म्यातून ती ओळ वाचली, मराठी त्यांना चांगलं वाचता येतं, आणि एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'कापू नये' लिहून ती पुस्तकाला दोऱ्याने बांधली.

आता काम. जुनी शिलाई पूर्ण उसवून काढली. कण्यावरचा जुना सरस ओल्या फडक्याने भिजवून खरवडला. हे काम घाईत केलं तर पातळ कागद फाटतो. जे जुज घडीवर फाटले होते त्यांना आतून पातळ कागदाची पट्टी लावली. पट्टी मी शोधली तेव्हाच दिसली, अक्षरं झाकली गेलेली नाहीत. मैद्याच्या खळीत मोरचूद घातलंय, कसर लागत नाही त्याने. मग नाड्यांवर हाताने नवी शिलाई, कण्याला कापड, वर काळं रेक्झिन. पुढेमागे नवे अस्तराचे कागद. आत मी न सांगता चार कोरी पानं जादा घातली आहेत.

१२ दिवस सांगितले होते, १९ लागले. मधे दोनदा चक्कर मारली, दोन्ही वेळा "अजून सुकतंय." फोन ते उचलत नाहीत. दुसऱ्या खेपेला नातवाने मला एक गोष्ट सांगितली. आजोबा घरी असताना त्याने कामं उरकायला म्हणून सगळी पुस्तकं कटिंगला घेतली. आईची प्रत मशीनखाली लावली आणि चिठ्ठी दिसली. बाजूला काढून ठेवली.

मी विचारलं, "का कापायचं नाही ते आजोबांनी सांगितलं होतं?"

"नाही. नको लिहिलं होतं ना."

सतरा-अठरा वर्षांचा पोरगा आहे. त्याला माझ्या आईचं काही माहीत नाही, 'पुरे' माहीत नाही. कापलं असतं तर पुस्तक दिसायला चांगलंच झालं असतं, आणि ते त्याच्या हाताला कळतही होतं. मी घरी येताना अब्राहामाचा विचार करत होतो, आपण कुठे जातोय हे ठाऊक नसताना निघालेला माणूस, इब्री ११:८. मी माझ्या आयुष्यात देवाकडे दर वेळी कारण मागितलंय. कारण मिळालं तर ऐकीन, असा माझा हिशोब. ते पोरगं चिठ्ठीवर थांबलं.

मत्तयाच्या शेवटच्या पानावरचंसुद्धा आईचं लिखाण शाबूत राहिलंय, आणि ते शरणपूरच्या मुलांसाठी मुद्दाम सांगतो. २८:२० च्या शेजारी तिने फक्त 'याकोब' लिहिलंय. बायबलातला याकोब नव्हे. आमच्या शरणपूरला, १८५४ मध्ये मिशनने वसवलेल्या त्याच वस्तीत, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकायला होती. त्यातला एक याकोब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि प्रवासी डॉक्टर लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा सोबत्यांनी त्यांचा देह महिनोन्‌महिने चालत समुद्राकाठी आणला. त्यांचं हृदय आधी रानातच पुरलं, तेव्हा दफनाची प्रार्थना याकोबने वाचली होती. पुढे १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये देहाचं दफन झालं, तिथेही तो हजर होता. आई रविवारच्या शाळेत ही गोष्ट सांगायची आणि जोडून दुसरी: १८५६ च्या जानेवारीत लिव्हिंग्स्टन झांबेझीच्या काठी घाबरून रात्री चोरून नदी ओलांडणार होते. मत्तय २८ वाचलं आणि बेत बदलला, दिवसाउजेडी ओलांडली. त्या वचनात पहिल्या अर्ध्या भागात 'मी आज्ञापिले ते सर्व पाळायला शिकवा' आहे आणि दुसऱ्यात 'मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे'. आपल्याकडे दुसरा अर्धा तेवढा फ्रेम करून भिंतीला लावतात. आईला त्याचा राग यायचा. आख्खं वचन लावा म्हणायची.

ते पान उघडताना शिलाईची खरी परीक्षा झाली, कारण मत्तय संपतो तिथे जुना कणा तुटलेला होता. आता ते पान सपाट उघडतं. उत्पत्ती आणि प्रकटीकरण अजून ताठ आहेत, हाताने दाबून धरावी लागतात. महिनाभर रोज वापरलं की सैल होईल, असं चाचा म्हणाले आणि दोन आठवड्यांत थोडा फरक पडलाय. सोनेरी अक्षरांचं काम मला आवडलं नाही. 'पवित्र' आणि 'शास्त्र' एका ओळीत नाहीत, 'शास्त्र' किंचित खाली उतरलंय. त्याचे वेगळे १०० रुपये घेतले, ते ७५० मध्येच आले. ज्यांना कव्हर नीटस लागतं त्यांनी अक्षरं टाकू नका म्हणून सांगावं. कडा अर्थातच वरखाली आहेत, पण ती माझीच मागणी होती.

घरी आल्यावर पहिलं यहोशवा उघडलं. 'पुरे' जागेवर आहे, रेवरची मात्रासुद्धा.

जाणार असाल तर सकाळी ११ नंतर जा. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी बंद असतं. पैसे रोखच घेतात. पुस्तक देण्याआधी आतले सुटे कागद, फोटो, वाळलेली पानं काढून घ्या. माझ्या प्रतीतून निघालेली मोहोरीची पुडी त्यांनी जपून परत दिली, पण प्रत्येक वेळी ते शक्य नाही. आणि काय करायचं नाही ते चिठ्ठीवर लिहून पुस्तकाला बांधा. पुढच्या आठवड्यात आमच्या मंडळीची वाचनपीठावरची मोठी प्रत घेऊन मी आणि पाळकसाहेब जाणार आहोत. तिच्या समासात कोणी काही लिहिलेलं नाही, तरी कडा तशाच ठेवायच्या ठरल्यात.