एका रात्रीची भेट की दोन काळांतली ये-जा?

दुरावलेले कॉलेजमित्र वीस-पंचवीस वर्षांनी भेटतात, अशा कादंबऱ्या मला दोन घाटांच्या दिसतात. एकीत सगळं एका रात्रीत उरकतं: लग्नघर, गच्ची, जुने हिशेब. वाचायला झपाट्याची, पण भांडणाचं कारण संवादांत कोंबावं लागतं.

दुसरी आज आणि तेव्हा यांत ये-जा करते. मराठवाड्याला हीच मानवते. इथं मैत्री नुसत्या प्रेमप्रकरणावरून तुटली नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याच्या जुलै १९७८ च्या नामांतर ठरावानंतर एका बाकावरची पोरं समोरासमोर उभी ठाकली. विद्यापीठाचा नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षांची अढी गच्चीवरच्या एका चहात कशी विरघळणार?

लातूरच्या एसटीत वाचायला मात्र पहिलीच बरी.